पार्किंगमधली जुनी मोटारसायकल : भंगार की ठेवा?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एका सभासदाने आपल्या आवडीच्या विषयावर बोलायचे, असा उपक्रम झाला. त्यातील एका भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला अनेक जण "ए विंगमधले गाडीवाले काका" म्हणून ओळखतात. रविवारी सकाळी कंपाउंडच्या कोपऱ्यात रॉकेलचा वास आला की समजायचं, काकांनी काहीतरी उघडलंय. चौतीस वर्षं मी कारखान्यात इन्स्पेक्शनचं काम केलं. वस्तू हातात घ्यायची, मोजायची, आणि 'पास', 'रीवर्क' की 'स्क्रॅप' ते सांगायचं. निवृत्तीनंतर तेच काम जुन्या मोटारसायकलींवर करतो, एवढाच फरक.

आज याच विषयावर का बोलतोय, ते तुम्हाला माहीत आहे. पार्किंगची फरशी नवी करायची आहे, म्हणून कमिटीने नोटीस लावली : वापरात नसलेली वाहनं महिनाअखेरपर्यंत हलवा. नोटीस योग्यच आहे. पण ती लागल्यापासून माझ्याकडे तीन घरांतून एकच प्रश्न आला, "काका, आमच्या गाडीचं काय येईल?" तिन्ही गाड्या मी पाहिल्या आणि तिघांच्याही परवानगीने आज त्यांच्याबद्दल बोलणार आहे. मात्र "काय येईल" याच्या आधी "काय लागेल" हे बघावं लागतं, आणि ते कसं बघायचं ते आधी सांगतो.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. इंटरनेटवर चकचकीत गाडीचा फोटो आणि खाली लाखांतला आकडा दिसतो. आपल्याला वाटतं, आपल्याकडे तीच गाडी आहे, म्हणजे आपल्याकडे तेवढे लाख आहेत. तो आकडा मागितलेला असतो, मिळालेला नसतो. शिवाय ती गाडी तशी व्हायला किती खर्च झाला, ते फोटोत दिसत नाही. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक गाड्यांना उभं करायला जो खर्च आला, तेवढाही विकताना वसूल झाला नाही. म्हणून ही गुंतवणूक समजून कुणी करू नका. त्यापेक्षा बँकेत एफडी करा, रात्री झोप तरी लागेल.

आता तपासणी. मी एक क्रम पाळतो : कागद, मग हरवलेलं, मग कुजलेलं, आणि सगळ्यात शेवटी मोडलेलं. लोक बरोबर उलट करतात. आधी किक मारून बघतात.

कागद

आधी आरसी बुक काढा. त्यातला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबरांशी ताडून बघा. चेसिस नंबरावर धूळ आणि ग्रीस बसलेलं असतं. रॉकेलच्या फडक्याने पुसा, पातळ कागद ठेवा आणि वरून पेन्सिल घासा. अक्षरं उमटतात. आरटीओत पूर्वीपासून हीच पद्धत आहे. एखादा आकडा घासलेला, पुन्हा ठोकलेला वाटला, तर विकत घेणाऱ्याने तिथूनच नमस्कार करून परत फिरावं. मग गाडी कितीही सुंदर असो.

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारातच जाते, असं अनेकांना वाटतं. दिल्लीच्या बातम्या ऐकून हा समज पसरलाय. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर गाडी दाखवून, फी आणि पर्यावरण कर भरून नोंदणीचं नूतनीकरण करता येतं, आणि ते पाच-पाच वर्षांसाठी मिळतं. मालक वारले असतील, तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो. नाव, नूतनीकरण, इन्शुरन्स, सगळंच करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण अशक्य नाही.

२०२१ साली केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठे फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. पण विंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोज मंडईत न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशाच कामांसाठी ती बाहेर काढायची. तेव्हा 'विंटेज' हा शब्द जपून वापरा. १९९० ची गाडी जुनी आहे, विंटेज नाही.

हरवलेलं

आता दुसरी पायरी, आणि माझ्या मते किमतीचा खरा निकाल इथे लागतो. मोडलेली वस्तू तुमच्याकडे असते. लेथवाला, वेल्डिंगवाला ती जोडून देतो, निदान तिच्यावरून नवी बनवता येते. हरवलेली वस्तू मात्र शोधावी लागते, आणि शोधणाऱ्याची गरज विकणाऱ्याला लगेच कळते.

येझदीचंच उदाहरण घ्या. म्हैसूरला आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून जावा मोटारसायकली काढल्या. मूळ कंपनी चेकोस्लोव्हाकियाची. जानेचेक हा तिथला कारखानदार. त्याने वांडरर या जर्मन कंपनीची मोटारसायकल बनवायला घेतली आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' केलं. आपल्याकडे पुढे याच गाड्या 'येझदी' नावाने निघाल्या. १९९६ मध्ये तो कारखाना बंद झाला. आता जावा आणि येझदी ही नावं पुन्हा बाजारात आली आहेत, पण त्या गाड्या फोर स्ट्रोक. त्यांचा पार्ट जुन्या टू स्ट्रोक गाडीला चालत नाही. म्हणजे जुन्या गाडीसाठी दोनच वाटा : जुना अस्सल पार्ट शोधणं किंवा नक्कल घेणं. नक्कल मिळते, नाना पेठेत फिरलात तर बऱ्यापैकी मिळते. पण पत्रा पातळ, भोकं एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे, आणि मग दिवसभर कानस घेऊन बसायचं.

म्हणून गाडीसमोर कागद-पेन घेऊन बसा आणि पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत एकेक वस्तू टिपा. स्पीडोमीटर, हेडलाइटची रिंग, टाकीचं झाकण, टाकीवरचे बिल्ले, टूलबॉक्सचं झाकण, चेन कव्हर, दोन्ही सायलेन्सर. येझदीला सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. किकचा दांडाच पुढे वळवला की गिअरचा दांडा होतो, तो मूळचा आहे का? बारीकसारीक वस्तूंची ही यादी जितकी लांब, तितकी गाडी महाग. विकत घेताना नव्हे, घेतल्यावर.

आणि एक विनंती. घरात गाडी असेल, तर भंगारवाल्याला बोलवायच्या आधी माळा बघा. सिमेंटच्या पिशवीत, बिस्किटांच्या डब्यात काय काय निघतं! मी माळ्यावरून निघालेली मूळ डिलिव्हरी पावती पाहिली आहे. गाडीसोबत ती असेल तर जाणकार माणूस दोन पैसे जास्त देतो.

कुजलेलं

लोखंड बाहेरून कुजलेलं दिसतं ते बरं. आतून कुजलेलं महागात पडतं.

खिशात एक लोहचुंबक ठेवा. टाकी आणि मडगार्डवर फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे रंगाखाली लांबी भरलेली आहे. थोडी असेल तर हरकत नाही. पण बोटभर जाड असेल, तर आत पोचा किंवा भोक आहे. मग टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा. आत तांबूस धूळ असेल तर साफ करता येते. पापुद्रे सुटत असतील तर खालच्या जोडावर बोट फिरवून ओल लागते का बघा. इथे एक इशारा : टाकी कितीही वर्षं रिकामी असली, तरी नीट धुतल्याशिवाय वेल्डिंगला देऊ नका. आत पेट्रोलची वाफ राहते आणि स्फोट होतो.

क्रोमवर नख फिरवा. नुसतं काळवंडलं असेल तर पॉलिशने उजळतं. खड्डे लागले तर पत्रा खाल्लेला आहे. नवं क्रोम करायच्या आधी तो घासावा लागतो आणि घासताना पातळ पत्र्याला भोक पडतं. रिम आणि सायलेन्सर इथेच बाद होतात.

मग चेसिस. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणून धरा, दोन्ही बाजूंनी. चाकं एका रेषेत नसतील, तर गाडीने कधीतरी मार खाल्लाय. पुढचा फोर्क वाकला असेल तर इलाज आहे. चेसिस वाकून परत वेल्डिंग झालं असेल, तर माझ्या वहीत त्या गाडीसमोर फुली पडते, कारण तिच्यावर माणूस बसणार असतो.

मोडलेलं

इंजिन शेवटी घेतलं, याचं लोकांना नवल वाटतं. पण टू स्ट्रोक इंजिन ही बाकीच्या मानाने सोपी वस्तू आहे. फक्त वर्षानुवर्षं उभ्या गाडीला पहिल्याच दिवशी किक मारू नका. अशा इंजिनात ऑइल पेट्रोलमधूनच जातं. गाडी उभी राहिली की क्रँकच्या बेअरिंगवरचं ऑइल निथळतं आणि ओलावा बसतो. रिंगा सिलिंडरला चिकटतात. त्यावर जोरात किक मारली, तर जे साफ करून चाललं असतं त्याला रीबोअर करावं लागतं. प्लग काढा, भोकातून थोडं ऑइल सोडा, दोन-चार दिवस थांबा, गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने हळू फिरवा. पिस्टन हलला तर अर्धी लढाई जिंकली. नाही हलला तरी रडू नका. सिलिंडर उतरवून रीबोअर करता येतो, ओव्हरसाइझ पिस्टन बसतो.

बाकी ज्या गोष्टी बघून घरचे घाबरतात, म्हणजे फाटलेलं सीट, तडकलेले टायर, उंदरांनी खाल्लेली वायर, गंजलेल्या केबल, तुंबलेला कार्बोरेटर, त्या सगळ्या ठरलेल्या खर्चाच्या आहेत. त्यावरून गाडीची किंमत पाडून मागणारा माणूस एकतर नवखा आहे किंवा फार हुशार आहे.

आता आपल्या तीन गाड्या.

पहिली, डी विंगजवळची राजदूत. सभासद म्हणतात, वडिलांच्या दुधाच्या धंद्यात ती होती. आरसी बुक नाही, इंजिनाचं हेड नाही, मॅग्नेट नाही, टाकीला तळ नाही. चेसिस एका ठिकाणी जोडलेली. ही उभी करायची म्हणजे दुसरी राजदूत विकत घेऊन तिला हिचा नंबर लावण्यासारखं, आणि ते बेकायदा आहे. माझा निकाल, स्क्रॅप. त्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण चांगली चाकं आणि फोर्क कामाचे आहेत. ते दुसऱ्या एखाद्या राजदूतला लागतील. दुधाच्या कॅनचे आकडे त्यांनी घरी ठेवावेत.

स्क्रॅप करणाऱ्या सगळ्यांसाठी एक सूचना. नुसती भंगारवाल्याला देऊन मोकळं होऊ नका. गाडी गेली तरी नोंदणी तुमच्या नावावर राहते, आणि तो नंबर कुठल्या चोरीच्या गाडीवर चढला तर पोलीस तुमच्या दारात येतील. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, तिथे सर्टिफिकेट मिळतं, आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या.

दुसरी, ए विंगमधली बुलेट, १९८६ ची. ब्रेक डाव्या पायाला, गिअर उजव्या पायाला, जुन्या चालीची. कॉलेजमधल्या चिरंजीवांनी मागचं मडगार्ड कापलं, रुंद टायर बसवले, सायलेन्सर असा की बाळं दचकतात. वडील म्हणाले, "हिची किंमत वाढली ना?" कमी झाली. स्वतःच्या आवडीने केलेल्या बदलाचे पैसे पुढचा देत नाही. मूळ रूपात आणायला लागणारे पैसे मात्र तो आधी कापून घेतो. पण इथे दोन गोष्टी बऱ्या आहेत. एक, मद्रासला १९५५ मध्ये सुरू झालेल्या एनफिल्ड कंपनीने बुलेट कधी बंदच केली नाही, त्यामुळे पार्ट मिळतात. दोन, काढलेलं मूळ सामान आईने माळ्यावर जपून ठेवलंय. न कापलेलं एक मडगार्ड तेवढं शोधावं लागेल. माझा निकाल, रीवर्क.

तिसरी, बी विंगमधल्या काकूंची येझदी. काका गेल्याला अकरा वर्षं झाली. गाडी १९७९ ची, घेतली तेव्हापासून एकाच घरात. काकू समोर बसल्या आहेत, त्यांनी मला "स्पष्ट बोला" असं बजावलंय, म्हणून आकडे सांगतो.

भंगारवाल्याने साडेतीन हजार सांगितले. एका गाडीवाल्याने आहे तशी तीस हजारांना मागितली. कागद काकांच्या नावावर आहेत, नूतनीकरण २०१४ ला संपलंय, पण चेसिस आणि इंजिन दोन्ही नंबर आरसी बुकाशी जुळतात. हरवलेल्या वस्तूंची यादी मी केली तर ती चारच ओळींची झाली. टाकी आतून ठीक. सुतळी सरळ. पाचव्या दिवशी पिस्टन हलला.

ती शोरूमसारखी करायची तर माझा अंदाज असा : इंजिन, क्रँक, पिस्टन आणि क्लचप्लेट धरून २५,०००, क्रोम २०,०००, रंग आणि हाताने मारलेल्या रेषा १५,०००, टायर, वायरिंग, केबल, बॅटरी, सीट १५,०००, न मिळणाऱ्या वस्तू १०,०००, मजुरी १५,०००. झाले एक लाख. आणि तयार गाडीचे जे सौदे माझ्या पाहण्यात आले, ते याच्याच अलीकडे-पलीकडे होतात. म्हणजे तीस हजार नाकारून, लाख घालून, वर्ष घालवून हातात फायदा शून्य. हिशोबाने बघितलं तर काकूंनी ती आजच विकावी.

पण आपण एक तिसरी वाट विसरतो. गाडी 'चालू करणं' आणि 'नवी करणं' ही दोन वेगळी कामं आहेत. काकांच्या हाताने झिजलेला ग्रिपजवळचा रंग, टाकीवर गुडघ्यांनी पडलेली चमक, हे सगळं जसं आहे तसं ठेवायचं. क्रोम नाही, रंग नाही. इंजिनाचे २५,०००, टायर-केबल-वायरिंगचे १२,०००, ब्रेक-कार्बोरेटर-टाकीचे ५,०००. बेचाळीस हजारांत ती रस्त्यावर येईल. आरटीओ आणि इन्शुरन्स वेगळं. जाणकार लोकही आता असा मूळ रंग मोडायला तयार नसतात. नवा रंग कधीही देता येतो, मूळ रंग पुन्हा देता येत नाही. शिवाय २०२९ मध्ये तिला पन्नास पूर्ण होतील, आणि विंटेजच्या नियमाला तेच मूळ रूप लागतं.

तरीही मी काकूंना एक प्रश्न विचारला, आणि तो तुम्हा सगळ्यांना विचारतो. गाडी चालवणार कोण? चालू केलेली गाडी परत झाकून ठेवली, तर दोन पावसाळ्यांत ती जिथे होती तिथे येते. पंधरा दिवसांतून एकदा तरी तिला फेरी लागते. चालवणारं कुणी नसेल, तर चांगल्या हातात विकणं हा तिचा मानच आहे, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. काकूंचा मुलगा परदेशात आहे, तो म्हणाला, "आई, देऊन टाक." नातू इथे डिप्लोमाला आहे. नोटीस लागल्यापासून तो तीन रविवार माझ्याकडे येतोय. पहिल्या रविवारी त्याला स्पॅनरचे नंबर माहीत नव्हते. गेल्या रविवारी त्याने कार्बोरेटर एकट्याने उघडला, साफ केला आणि लावला. जेट उलटा लागला नाही. काकूंनी अजून निर्णय सांगितलेला नाही, आणि तो मी सांगणारही नाही. माझ्या वहीत मात्र 'पास' लिहिलंय.

आता कमिटीला विनंती. नोटीस मागे घेऊ नका, पार्किंग सगळ्यांचं आहे. पण ज्यांचे कागद जुळतात आणि ज्यांनी काम सुरू केलंय, त्यांना दिवाळीपर्यंत पंपरूमशेजारचा कोपरा द्यावा. फरशीवर ऑइल सांडणार नाही, दुपारी दोन ते चार ठोकाठोक होणार नाही आणि दिवाळीला गाडी चालली नाही तर ती निमूट हलेल, या तिन्ही अटींची हमी मी घेतो.

आणि ज्यांच्या घरी, गावाकडे, सासरी-माहेरी अशी एखादी गाडी झाकलेली असेल, त्यांनी विकायच्या किंवा फेकायच्या आधी रविवारी सकाळी माझ्याकडे आरसी बुक घेऊन या. फी एक कप चहा, तोही बिनसाखरेचा. निकाल मात्र जो निघेल तोच सांगेन.

  

(शब्दांकन : स्मरणिका समिती. स्मरणिका छपाईला जाताना कमिटीने पंपरूमशेजारचा कोपरा दिवाळीपर्यंत मंजूर केला आहे. तेथे सध्या एक बुलेट आणि एक येझदी उभी आहे.)